ड्राफ्टची लिलाव-भिशी: लायन्स, रॅम्स आणि लांबच्या पल्ल्याची संघबांधणी

हुरॉनकाठचा

१४ जानेवारी २०२४ च्या रात्री अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यात मॅथ्यू स्टॅफर्ड डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर पाहुण्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, म्हणून उतरला. ज्या लायन्स संघासाठी तो बारा हंगाम खेळला आणि ज्याला तो बाद फेरीतला एकही सामना जिंकून देऊ शकला नाही, त्याच संघाविरुद्ध त्याला त्या रात्री खेळायचे होते. समोर लायन्सकडून खेळत होता जॅरेड गॉफ, ज्याला लॉस एंजेलिस रॅम्सने स्टॅफर्डच्या बदल्यात देऊन टाकले होते. लायन्सने तो सामना २४-२३ असा जिंकला आणि बत्तीस वर्षांनी बाद फेरीतला विजय पाहिला. मी मिशिगनमध्ये राहतो, त्यामुळे त्या रात्रीच्या जल्लोषाबद्दल लिहायचे ठरवले तर हा धागा भलतीकडेच जाईल. मला लिहायचे आहे ते त्या सामन्याच्या तीन वर्षे आधी, जानेवारी २०२१ मध्ये ठरलेल्या सौद्याबद्दल आणि त्यातून दिसणाऱ्या संघबांधणीच्या दोन रीतींबद्दल.

नवख्या वाचकांसाठी नियम थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. दर वर्षी एप्रिलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंचा ड्राफ्ट होतो, त्याच्या सात फेऱ्या असतात आणि आदल्या हंगामात जो सर्वांत खाली राहिला त्याला प्रत्येक फेरीत सर्वांत आधी निवड करता येते. विजेत्याची पाळी सर्वांत शेवटी येते. निवड करण्याचा हा हक्क संघाच्या मालकीचा असतो. तो दुसऱ्या संघाला देता येतो, त्याच्या बदल्यात खेळाडू घेता येतो आणि पुढच्या वर्षांचे हक्कसुद्धा आजच देऊन टाकता येतात. खरी गंमत या शेवटच्या तरतुदीत आहे.

रॅम्सने स्टॅफर्डसाठी गॉफ दिला, २०२१ च्या तिसऱ्या फेरीचा एक हक्क दिला आणि २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क दिले. पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांनी सिनसिनाटी बेंगल्सला २३-२० असे हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. म्हणजे रॅम्सचे पैसे वसूल झाले. लायन्सने त्या हंगामात १७ पैकी तीनच सामने जिंकले होते. मात्र त्यांच्या हातात आलेल्या हक्कांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. रॅम्स विजेते ठरल्यामुळे २०२२ चा हक्क ३२व्या क्रमांकाचा निघाला. लायन्सने तो इतर हक्कांसोबत मिनेसोटा वायकिंग्जला दिला आणि १२व्या क्रमांकावर येऊन जेमसन विल्यम्स हा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) घेतला. २०२२ चा हंगाम रॅम्सला फार वाईट गेला, पाच विजय आणि बारा पराभव. त्यामुळे २०२३ चा हक्क सहाव्या क्रमांकावर आला. लायन्सने तिथून मागे सरकत ॲरिझोना कार्डिनल्सकडून १२वा आणि ३४वा क्रमांक मिळवला, आणि त्यांवर जामिर गिब्ज हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) व सॅम लापोर्टा हा टाइट एंड (प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा आणि झेलही घेणारा) घेतला. बाराव्या क्रमांकाची मौल्यवान पाळी रनिंग बॅकवर खर्च केली म्हणून त्या रात्री बऱ्याच जाणकारांनी नाके मुरडली होती. लापोर्टाने पहिल्याच हंगामात ८६ झेल घेऊन नवख्या टाइट एंडचा विक्रम केला, आणि गिब्जबद्दल तर आता कोणी काही बोलत नाही.

या सौद्यात कोण जिंकले, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे आणि मला तो चुकीचा वाटतो. इथे विकला आणि घेतला गेला तो वेळ. आपल्याकडची लिलाव-भिशी आठवा. दहा जण दरमहा ठरलेली रक्कम भरतात. ज्याला आजच पैशांची नड असते तो घट सोसून, म्हणजे एकूण रकमेपेक्षा कमी घेऊन, भिशी उचलतो. ती घट थांबलेल्यांमध्ये वाटली जाते. नड असलेला फसला असे कोणी म्हणत नाही, कारण त्याचे दुकान त्या पैशांवर उभे राहते. थांबणाऱ्याचीही त्यात काही हुशारी नसते. त्याला थांबणे परवडते, एवढेच. एनएफएलमध्ये या वर्षीच्या दुसऱ्या फेरीच्या हक्कासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क द्यावा, असा ढोबळ हिशेब वर्षानुवर्षे चालत आला आहे. एका वर्षासाठी एक अख्खी फेरी! आपल्याकडच्या सावकारालाही हा दर सांगताना संकोच वाटला असता.

हा दर टिकून राहतो याचे कारण उघड आहे. ज्या जनरल मॅनेजरची, म्हणजे संघाचे खेळाडू निवडणाऱ्या व्यवस्थापकाची, नोकरी येत्या डिसेंबरपर्यंत टिकेल की नाही याची खात्री नाही, त्याला पुढच्या वर्षीचा हक्क फुकटच वाटणार, कारण तो हक्क वापरायला तिथे दुसराच कोणीतरी बसलेला असेल. म्हणून लांबच्या पल्ल्याच्या संघबांधणीचे श्रेय खेळाडू हेरणाऱ्यांइतकेच मालकाला दिले पाहिजे असे माझे मत आहे. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस, जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स आणि प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांचा दुसरा हंगाम चालू असताना, लायन्सचा एक विजय आणि सहा पराभव असा हिशेब होता. त्याच आठवड्यात मालकीण शीला फोर्ड हॅम्प यांनी पत्रकारांसमोर येऊन दोघांवर विश्वास असल्याचे सांगितले होते. उरलेल्या दहांपैकी आठ सामने संघाने जिंकले, पुढच्या वर्षी १२ आणि त्याच्या पुढच्या, म्हणजे २०२४ च्या हंगामात १५. त्या ऑक्टोबरमध्ये दोघांना नारळ दिला असता तर सहाव्या क्रमांकाचा तो हक्क कोणीतरी नव्याने आलेल्याने एखाद्या क्वार्टरबॅकवर उधळला असता.

इतरांची मते वाचायला आवडतील. विशेषतः इथल्या रॅम्सच्या चाहत्यांची, जे नेमाने मला गावठी म्हणतात.

पायचीत

लेख आवडला. मी हा खेळ मुलीमुळे अलीकडेच पाहू लागलो आहे, तेव्हा अज्ञानातून प्रश्न विचारतो. आयपीएलमध्ये लिलाव असतो, प्रत्येक संघाच्या थैलीत सारखे पैसे असतात आणि ज्याला खेळाडू हवा तो बोली लावतो. खेळाडूला त्याची बाजारातली किंमत मिळते. इथे मात्र बावीस वर्षांच्या मुलाला सांगितले जाते की तू अमुक शहरात जाणार आणि तुझा पगार तुझ्या क्रमांकावरून आधीच ठरलेला आहे. त्याची कला नव्हे, त्याची पाळी पैसे ठरवते. खेळाडू हे मान्य कसे करतात? आणि सगळ्यांना वेतनमर्यादा सारखीच असेल, तर काही संघ वर्षानुवर्षे वर आणि काही वर्षानुवर्षे तळाशी का?

आकडेमोडे

पायचीत, तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी आहे. खेळाडूला बाजारभावापेक्षा कमी मिळते, आणि तो जो फरक उरतो त्यावरच चांगले संघ उभे राहतात.

वेतनमर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, १९९४ मध्ये ३ कोटी ४६ लाख डॉलरपासून सुरू झाली. २०२५ साठी ती प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. एवढ्यात ५३ खेळाडूंचा मुख्य चमू बसवायचा. चांगला, अनुभवी क्वार्टरबॅक आज वर्षाला पाच कोटींच्या पुढे मागतो. २०११ पूर्वी ड्राफ्टमधले वरचे खेळाडूही तसेच महाग होते. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाखांचा होता आणि त्यातले पाच कोटी हमीचे होते. त्याने अजून एनएफएलमध्ये एक चेंडूही फेकला नव्हता. २०११ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी नवा सामूहिक करार झाला, नवख्यांच्या पगाराचे कोष्टक आले, आणि त्या वर्षी पहिला निवडलेला कॅम न्यूटन चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाखांत आला. संघटनेने हे मान्य केले त्याचे कारण तुम्ही ओळखलेच असेल: संघटनेत मते आधीपासून खेळणाऱ्यांची असतात, अजून महाविद्यालयात असलेल्यांची नसतात.

तेव्हापासून निवडहक्काचा अर्थच बदलला आहे. आता हक्क म्हणजे चार वर्षांचे स्वस्त श्रम. पहिल्या फेरीच्या खेळाडूंसाठी संघाला पाचव्या वर्षाचाही पर्याय असतो, आणि पहिले तीन हंगाम संपेपर्यंत करार बदलण्याची बोलणीसुद्धा करता येत नाहीत. बॉल्टिमोर रेव्हन्सने २०१८ मध्ये वर सरकून पहिल्या फेरीचा शेवटचा, ३२वा क्रमांक मिळवला आणि लमार जॅक्सनला घेतले. एकच क्रमांक खाली घेतले असते तर ते पाचवे वर्ष हातचे गेले असते. लायन्सचा अमन-रा सेंट ब्राउन २०२१ मध्ये चौथ्या फेरीत, ११२व्या क्रमांकावर आला. त्याचा चार वर्षांचा पूर्ण करार पन्नास लाख डॉलरच्या आतला होता, आणि त्या काळात तो लीगमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरांमध्ये गणला जाऊ लागला. २०२४ च्या वसंतात त्याने नवा करार केला तो चार वर्षांना १२ कोटींहून अधिक रकमेचा. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे ड्राफ्टची कमाई.

म्हणून हुरॉनकाठचे यांच्या लिखाणात एक भर घालतो. लायन्सने थांबून निव्वळ खेळाडू मिळवले नाहीत, तर एकाच वेळी स्वस्त असणारे खेळाडू मिळवले. स्युएल, सेंट ब्राउन, हचिन्सन, गिब्ज, लापोर्टा, ब्रायन ब्रँच हे सगळे तीन ड्राफ्टांतले आहेत. पेरणी एकाच पावसात झाली की पीकही एकाच वेळी तयार होते आणि सगळ्यांची मजुरीही एकाच वेळी द्यावी लागते. २०२४ च्या एका वसंतात त्यांनी सेंट ब्राउनखेरीज पेनेई स्युएलला चार वर्षांचे ११ कोटी २० लाख आणि गॉफला चार वर्षांचे २१ कोटी २० लाख कबूल केले. जिंकण्याची खिडकी उघडी असते ती पहिली मजुरी देण्याआधी.

जाता जाता क्रमांकांच्या किमतीबद्दल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या कार्यालयात एक तक्ता तयार झाला, ज्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण होते आणि ३२व्याला ५९०. म्हणजे पहिला क्रमांक पहिल्या फेरीच्या शेवटच्या पाच क्रमांकांच्या मोलाचा. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले की वरच्या क्रमांकांना बाजार अवाच्या सवा किंमत देतो. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधीचा अधिक चांगला निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा जेमतेम जास्त असते. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तरी ड्राफ्टच्या रात्री वर सरकण्यासाठी रांग लागतेच.

किनाऱ्यावरची

गावठी मी कधी म्हटले नव्हते, हट्टी म्हटले होते. ते शब्द मागे घेत नाही.

भिशीची उपमा मला पटली, पण ती जिथे मोडते तिथेच खरा विचार करण्यासारखा आहे. भिशीत घट किती हे उचलतानाच ठरते. ड्राफ्टमध्ये तुम्ही पुढच्या वर्षीचा हक्क देता तेव्हा नेमके काय दिले हे तुम्हालाही माहीत नसते, कारण त्याची किंमत तुम्ही पुढे कसे खेळता यावर ठरते. रॅम्सने एकाच सौद्यात दोन हक्क दिले. एक ३२वा निघाला आणि दुसरा सहावा. याचा टोकाचा नमुना पाहायचा तर कॅरोलायना पँथर्सकडे पाहा. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर येऊन ब्राइस यंगला घेण्यासाठी त्यांनी शिकागो बेअर्सला डी. जे. मूर हा रिसीव्हर, त्या वर्षीचे दोन हक्क, २०२४ चा पहिल्या फेरीचा हक्क आणि २०२५ चा दुसऱ्या फेरीचा हक्क दिला. मग त्या हंगामात फक्त दोन सामने जिंकले, त्यामुळे दिलेला हक्क २०२४ चा पहिलाच क्रमांक ठरला आणि शिकागोने त्यावर केलेब विल्यम्सला घेतले. म्हणून मी म्हणते की पुढचे हक्क त्यांनीच द्यावेत ज्यांना आपण चांगले खेळणार याची खात्री आहे. सशक्त संघाने हक्क देणे आणि दुबळ्याने देणे हा एकच व्यवहार नाही.

दुसरे असे की रॅम्सने ड्राफ्टकडे पाठ फिरवली ही समजूत चुकीची आहे. २०१६ मध्ये गॉफ घेतल्यानंतर २०२४ पर्यंत त्यांनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही, हे खरे. जनरल मॅनेजर लेस स्नीड ड्राफ्टच्या हक्कांना शिवी हासडणारा टी-शर्ट घालून विजयाच्या मिरवणुकीत उतरले, हेही खरे, आणि लोकांना तेवढेच आठवते. त्यांनी सोडले होते ते पहिल्या फेरीतले महागडे हक्क. मधल्या आणि खालच्या फेऱ्यांवर मात्र त्यांचा सगळा भर होता. सुपर बोलमध्ये सर्वोत्तम ठरलेला कूपर कप २०१७ च्या तिसऱ्या फेरीतला. कायरन विल्यम्स २०२२ च्या पाचव्या फेरीतला. पुका नाकुआ २०२३ च्या पाचव्या फेरीत, १७७व्या क्रमांकावर आला आणि पहिल्याच हंगामात १०५ झेल घेत १,४८६ यार्डांचा नवख्यांचा विक्रम करून बसला. याच वर्षी कोबी टर्नर आणि बायरन यंग तिसऱ्या फेरीत मिळाले. पहिल्या फेरीच्या उत्तरार्धातला आणि तिसऱ्या फेरीतला खेळाडू यांत लोक मानतात तेवढे अंतर नसेल, आणि आकडेमोडेसाहेबांनी सांगितलेला अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतो, तर ज्या हक्काची बाजारात फाजील किंमत आहे तो विकून जेलन रॅम्झी किंवा स्टॅफर्डसारखा तयार खेळाडू घेणे हाच शहाणा व्यवहार नाही का? त्याला अधीरपणा म्हणू नका.

त्याशिवाय, ॲरन डोनल्डचे वय वाढत होते. बचाव फळीत असा खेळाडू पिढीत एखादा मिळतो. २०२१ मध्ये तो तीस वर्षांचा होता आणि मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाला. त्या हंगामी थांबलो असतो तर कशासाठी थांबलो असतो, ते मला हुरॉनकाठचे यांनी सांगावे. शेवटी दाराशी ट्रॉफी कोणाच्या आहे?

क्लीव्हलंडचा कैदी

आपण सगळे संयमाचे गुण गात आहात म्हणून एक दुखरी कहाणी सांगतो.

२०१६ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने हेच केले होते, आणि त्याहून अधिक शिस्तीने केले होते. साशी ब्राउन यांच्या हाती कारभार होता आणि बेसबॉलमधून आलेले पॉल डीपोडेस्टा धोरण आखत होते. त्यांनी दुसरा क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन हक्कांचा ढीग उचलला. मार्च २०१७ मध्ये तर कमालच केली. ह्यूस्टनला नकोसा झालेला ब्रॉक ऑस्वायलर आणि त्याचा १ कोटी ६० लाखांचा पगार स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि ती हमाली केल्याबद्दल दुसऱ्या फेरीचा एक हक्क मिळवला. बास्केटबॉलमध्ये असले सौदे होत असत. इथे लोकांनी डोळे चोळले. हिशेबाने सगळे बरोबर होते. मैदानावर पहिल्या हंगामात एक विजय मिळाला आणि दुसऱ्या हंगामात शून्य. सोळा सामने, सोळा पराभव, आणि शेवटी गावातल्या चाहत्यांनी थंडीत काढलेली शून्याची मिरवणूक.

डिसेंबर २०१७ मध्ये साशी ब्राउन यांना काढले. त्यांनी साठवलेले धान्य २०१८ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या जॉन डॉर्सी यांनी दळले: पहिल्या क्रमांकावर बेकर मेफील्ड, चौथ्यावर डेन्झेल वॉर्ड आणि ऑस्वायलरच्या त्या हक्कावर निक चब. थांबणारा एक आणि जेवणारा दुसरा. हुरॉनकाठचे म्हणतात ते मालकाचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे. आम्ही त्याची उलटी बाजू जगलो आहोत.

मात्र माझे म्हणणे त्याहून थोडे वेगळे आहे. ढीग जमवताना त्या मंडळींनी क्वार्टरबॅक दोनदा हातचे जाऊ दिले. २०१६ मधला कार्सन वेंट्झ गेला त्याचे दुःख नाही, परंतु २०१७ मध्ये १२वा क्रमांक ह्यूस्टनला विकला आणि त्यांनी तिथे डेशॉन वॉटसनला घेतले. पुढे २०२२ मध्ये त्याच वॉटसनसाठी, त्याच ह्यूस्टनला, आमच्या संघाने पहिल्या फेरीचे तीन हक्क दिले आणि वर त्याला २३ कोटी डॉलरची पूर्ण हमी दिली. मैदानाबाहेर त्याच्यावर गंभीर आरोप झालेले असताना हा सौदा केला, हे तर वेगळेच. पाच वर्षांपूर्वी एका हक्कात मिळणारी वस्तू आम्ही मोडलेल्या अवस्थेत तिप्पट दराने घेतली. तेव्हा हक्क साठवणे हे धोरण नाही, ती नुसती कोठी आहे. लायन्सकडे कोठी होती आणि गॉफही होता, ज्याला सगळ्यांनी भंगार समजून सौद्यात फुकट धरले होते. तो नसता तर गिब्ज आणि लापोर्टा कोणाकडून चेंडू घेणार होते?

हुरॉनकाठचा

कैदीसाहेब, गॉफबद्दल तुम्ही बरोबर पकडले. माझ्या मांडणीत ती फट होती. ब्रॅड होम्स हे लायन्सकडे येण्याआधी रॅम्सचे महाविद्यालयीन खेळाडू हेरणाऱ्या विभागाचे प्रमुख होते आणि गॉफला निवडले गेले तेव्हाही ते तिथेच होते, त्यामुळे निदान त्यांनी तरी त्याला भंगार धरले नसावे. त्या वेळी मात्र आम्हीही हेच समजत होतो की दोन-एक वर्षे हा सांभाळेल आणि मग ड्राफ्टमधून कोणीतरी आणू. दूरदृष्टी म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्यात नशिबाचा वाटा किती, हे मोजणे अवघड आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये ट्रे लान्स या क्वार्टरबॅकसाठी तिसऱ्या क्रमांकावर येताना पहिल्या फेरीचे पुढचे दोन हक्क उडवले. तो खेळाडू दोन वर्षांत चौथ्या फेरीच्या एका हक्काला विकावा लागला, आणि तरीही संघ बुडाला नाही, कारण २०२२ च्या ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या, २६२व्या क्रमांकावर निवडलेला ब्रॉक पर्डी त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. थोर क्वार्टरबॅक मानल्या जाणाऱ्या टॉम ब्रेडीला जर न्यू इंग्लंडने २००० मध्ये १९९व्या क्रमांकावर घेतले, तर त्याचाच अर्थ असा की त्याआधीच्या फेऱ्यांमध्ये न्यू इंग्लंडनेही त्याला वगळले होते.

किनाऱ्यावरची ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: डोनल्ड असता तर मीही थांबलो नसतो. २०२१ मध्ये लायन्सकडे वाया जाईल असे काही नव्हतेच, त्यामुळे थांबणे स्वस्त होते. आता हचिन्सन आहे, स्युएल आहे, पंधरा विजय मिळवून बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनकडून ४५-३१ असा मार खाल्लेला संघ आहे. येत्या, म्हणजे २०२५ च्या, २४ एप्रिलला ग्रीन बे इथे ड्राफ्ट आहे. तेव्हा होम्स काय करतात ते पाहू.

आकडेमोडे

तिसऱ्या रीतीचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून दोन ओळी. फिलाडेल्फियाचे जनरल मॅनेजर हॉवी रोजमन साठवतातही आणि उधळतातही. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स दुसऱ्या फेरीतला, डावा टॅकल (क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा) जॉर्डन मायलाटा सातव्या फेरीतला आणि तोही ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला, ज्याने तोवर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. बचाव फळीत जॉर्जिया विद्यापीठाची मुले ओळीने. त्यात २०२४ मध्ये सॅक्वॉन बार्कली या रनिंग बॅकला खुल्या बाजारातून आणले, आणि त्याने २,००५ यार्ड धावून दाखवले. सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवताना मुख्य काम केले ते मात्र निवडून वाढवलेल्या लाइनमनांनी, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूंनी. महागडे पाहुणे तेव्हाच शोभतात जेव्हा घरचे लोक स्वस्तात राबत असतात.

पायचीत

आता माझ्या ध्यानात येऊ लागले आहे. मुलीला तुमची भिशीची उपमा सांगितली, तर तिने आधी भिशी म्हणजे काय ते विचारले.

किनाऱ्यावरची

ड्राफ्ट झाला. पहिल्या रात्री रॅम्सची पाळी २६वी होती. ती त्यांनी १०१व्या क्रमांकासह अटलांटा फाल्कन्सला देऊन टाकली आणि बदल्यात ४६वा क्रमांक, सातव्या फेरीचा एक हक्क आणि अटलांटाचा २०२६ चा पहिल्या फेरीचा हक्क घेतला. म्हणजे हुरॉनकाठचे यांच्या भाषेत, शिवीचा टी-शर्ट घालणारे स्नीड या वेळी घट वाटून घेणाऱ्या, थांबलेल्यांच्या बाजूला बसले. क्लीव्हलंडनेही दुसरा क्रमांक जॅक्सनव्हिलला देऊन त्यांचा २०२६ चा पहिल्या फेरीचा हक्क मिळवला आहे, त्यामुळे कैदीसाहेबांना पुन्हा कोठी भरल्याचे समाधान लाभो. आणि तुमच्या लायन्सनी शुक्रवारी काय केले, ते तुम्हीच सांगा.

हुरॉनकाठचा

सांगतो. तिसऱ्या फेरीत १०२व्या क्रमांकावरून ७०व्यावर येण्यासाठी २०२६ च्या तिसऱ्या फेरीचे दोन्ही हक्क जॅक्सनव्हिलला दिले, त्यांच्याकडून किरकोळ दोन हक्क परत घेतले आणि आयझॅक टेस्ला नावाचा रिसीव्हर घेतला. तुमच्या सगळ्यांच्या आधी मीच कबूल करतो की ही घट मोठी आहे, आणि हेच दुसऱ्या कोणी केले असते तर मी इथे दोन पाने लिहिली असती. मुलगा मिशिगनमधलाच, हडसनव्हिलचा. अर्कान्सॉला जाण्याआधी इथल्याच हिल्सडेलच्या छोट्या महाविद्यालयात खेळायचा. मी त्याच्या खेळाच्या चित्रफिती काल रात्री दोनदा पाहिल्या.